लंडी खाना कुठे आहे?

नकाशावर पाहा. हे रावळपिंडी. इथून वायव्येला पेशावर, मग जमरूद, खैबर खिंड, लंडी कोतल आणि पुढे अफगाणिस्तानची हद्द. ऑगस्ट १९७२ मध्ये भारतीय हवाई दलाचे तीन अधिकारी पाकिस्तानच्या कैदेतून याच वाटेने निसटले होते.

त्यांचा म्होरक्या होता फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर. १९६५ च्या युद्धात गोळी लागलेली असतानाही या पठ्ठ्याने विमान सुखरूप तळावर उतरवलं होतं. १० डिसेंबर १९७१ ला त्याचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि तो शत्रूच्या हाती सापडला. पकडलो गेलो तर छावणीत गप्प बसणार नाही, असं त्याने वरिष्ठांना आधीच बजावून ठेवलं होतं.

रावळपिंडीच्या छावणीत बारा वैमानिक. ढाक्यात शरणागती होऊन महिने लोटले, तरी सुटकेचं चिन्ह नाही. मग खोलीची भिंत कोरायला सुरुवात झाली. हत्यारं कसली, हाताला लागेल ती! युद्धकैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातून पैसे साठवले, सुई चुंबकित करून होकायंत्र बनवलं. १२ ऑगस्टच्या रात्री वादळ उठलं आणि परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल, हरीश सिंहजी त्या भोकातून बाहेर पडले.

पेशावरपर्यंत बस, पुढे टांगा, पुन्हा बस. सकाळी तिघे लंडी कोतलला. हद्द हाकेच्या अंतरावर. आणि इथे घात झाला. त्यांनी चौकशी केली, ‘लंडी खान्याला कसं जायचं?’ नकाशात तिथे रेल्वे स्टेशन होतं. प्रत्यक्षात ते १९३२ मध्येच बंद पडलेलं! ज्या स्टेशनात चाळीस वर्षं गाडी आली नाही, तिथे जायला निघालेले हे कोण? त्या दिवसांत बांगलादेश वेगळा झाल्यावर पाकिस्तानात अडकलेले बंगाली लोक याच वाटेने अफगाणिस्तानात पळत. हे त्यांच्यातलेच, असा संशय आला. तिघांना तहसीलदारापुढे उभं केलं.

परुळकरांनी थाप मारली: आम्ही पाकिस्तानी हवाई दलाचेच, हवाई दलप्रमुखांच्या एडीसींना (दिमतीच्या अधिकाऱ्याला) फोन लावा. एडीसी होते स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, काही काळापूर्वी याच कैद्यांचे छावणीप्रमुख. त्यांनी आवाज ओळखला. माणसं आमचीच आहेत, कोंडून ठेवा, पण हात लावू नका, असं त्यांनी कळवलं. जीव वाचला तो शत्रूच्या या माणसामुळे, आणि ही गोष्ट सांगताना त्याचं नाव गाळणं बरं नव्हे.

पुढे लायलपूरचा तुरुंग. १ डिसेंबर १९७२ ला सगळे वाघ्यामार्गे मायदेशी परतले. परुळकर पुन्हा हवाई दलात रुजू झाले, ग्रुप कॅप्टन झाले. या पलायनासाठी त्यांना विशिष्ट सेवा पदक मिळालं. निवृत्तीनंतर ते पुण्यात स्थायिक झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचं निधन झालं.

त्याच युद्धात, ५ डिसेंबरला, आणखी एक सुखोई-७ पडलं. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. बेपत्ता चोपन्न जणांची जी यादी आहे, तीत त्यांचं नाव आहे. पाकिस्तान म्हणतो, आमच्याकडे कुणीही नाही. त्यांची पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती. २००७ मध्ये बेपत्ता जवानांचे नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले, त्यांत त्याही होत्या. कुणीच सापडलं नाही. पण आपल्याला दाखवलं ते सगळं दाखवलं, हे नातेवाइकांना काही पटलं नाही.