पापणीवरचा लाल डाग

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या आधी बीडकडची एक आई पाच महिन्यांचं लेकरू घेऊन माझ्याकडं आली. टोपडं भुवयांपर्यंत ओढलेलं, वरून पदर. पदर सारला तर कपाळापासून उजव्या पापणीपर्यंत जांभळट लाल डाग. "गिरानात विळी हातात घेतली व्हती," एवढंच बोलली आणि रडायला लागली. सासरी तिला उठताबसता हेच ऐकवत होते.

मायबाप हो, ग्रहणाचा इथं काडीचाही संबंध नाही. या आजाराला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. बाळ पोटात घडत असताना काही पेशींतल्या जीएनएक्यू नावाच्या जनुकात बदल होतो, हे २०१३ साली सापडलं. तो आईबापाकडून येत नाही. आईचा दोष नाही.

मला घोर होता डोळ्याचा. उजेडाकडं धरलं की लेकरू मान फिरवी, डोळा गळे, आणि उजवं बुबुळ डाव्याहून मोठं. घरचे कौतुकानं म्हणत, हरणाचा डोळा! नवजात बाळाचं बुबुळ साधारण १० मिलिमीटर असतं, याचं १३ भरलं. आत दाब वाढला की तान्ह्याचा डोळा असा ताणून मोठा होतो. हा काचबिंदू. या सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना तो होतो, काहींना तर शाळेच्या वयात.

डोळ्याच्या आतलं पाणी, अश्रू नव्हेत, एका बारीक जाळीतून शिरांत उतरतं. तान्ह्या वयातल्या काचबिंदूत ती जाळीच नीट घडलेली नसते, त्यात या सिंड्रोममध्ये पुढच्या शिरांतही दाब चढलेला. म्हणून पुष्कळदा एकाच ऑपरेशनमध्ये जुनी वाट मोकळी करतात आणि नवीही काढून देतात. नाही भागलं तर बारीक नळी बसवतात. अवघड आहे ते पुढंच. डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या आधीच फुगलेल्या. दाब एकदम उतरला तर आत रक्तस्राव होऊन डोळाच जाऊ शकतो. धरणाचे सगळे दरवाजे एकदम उचलले तर काय होतं, ते गोदाकाठच्यांना मी काय सांगू! म्हणून टाके घट्ट घालून दाब हळूहळू उतरवायचा. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते.

आणि तपासणी जन्मभराची. त्या घरानं ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली होती. बाप अर्ध्या कोयत्यावर, म्हणजे जोडीशिवाय एकटाच, गेला, आई लेकरापाशी थांबली. सगळ्यांना हे जमत नाही, मला ठाऊक आहे. टोळीवर जावंच लागलं तर थेंबांची बाटली आणि फाईल सोबत ठेवा. निघण्याआधी कारखाना कोणत्या तालुक्यात आहे ते डॉक्टरांना सांगा, तिकडच्या नेत्रतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी मागून घ्या.