छापलेली कॅप मुलांच्या दाढेवर किती टिकते?

नमस्कार. माझ्या चिमटीतली ही हस्तिदंती रंगाची कॅप थ्रीडी प्रिंटरवर छापलेली असून तिला अजून पॉलिश केलेले नाही. कॅमेऱ्याजवळ धरतो, उजेड तिरपा पडला की कडेला बारीक रेघा दिसतील. प्रकाशाने कडक होत एकावर एक बसलेले, साधारण ५० मायक्रॉन जाडीचे रेझिनचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, ते थर आहेत.

काही मुलांची सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी कायमची दाढ मुळातच कच्चे एनॅमल घेऊन उगवते. तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग असतात, गार पाण्याने कळ जाते आणि चावताना कपचे उडतात. दंतवैद्य याला एमआयएच म्हणतात. या वयात दाताच्या आतली नसेची पोकळी मोठी असल्याने कॅपसाठी दाढ फार कोरून बारीक करता येत नाही, शिवाय हिरडीची कडही सरकत असते. त्यामुळे सिरॅमिकची कायमची कॅप बहुधा वाढ पूर्ण होईपर्यंत लांबणीवर टाकतात. तोवरची दहाएक वर्षे काढायची, एवढेच छापील कॅपचे काम. स्टीलची कॅप १९५० पासून हेच काम करते आहे आणि टिकण्यात तिला नाव ठेवायला जागा नाही. अडचण फक्त चंदेरी रंगाची, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी ही अडचण मुलांना लहान वाटत नाही.

झिर्कोनिया या सिरॅमिकची वाकवताना न तुटण्याची ताकद १,००० मेगापास्कलच्या (ताकद मोजायचे एकक) आसपास भरते, तर छापील रेझिनची बहुधा १०० ते १५०. प्रयोगशाळेत अशा कॅपवर चावण्याचे १२ लाख ठोके देतात, ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात, आणि ते ठोके ढोबळमानाने पाच वर्षांच्या चावण्याइतके मानतात. मात्र ते यंत्र चिक्की खात नाही, रात्री दातही खात नाही.

माझ्या मते खरा कस कॅप दाढेला चिकटवणाऱ्या सिमेंटचा लागतो. कच्च्या एनॅमलला सिमेंट नीट धरत नाही, म्हणून कॅपची कड शक्यतो निरोगी एनॅमलवर टेकवावी लागते आणि आतली बाजू वाळूच्या फवाऱ्याने खरबरीत करावी लागते. छापल्यानंतर अल्कोहोलने धुणे आणि पुन्हा प्रकाशात पूर्ण कडक करणे यांत घाई केली, तर कॅप पाणी शोषते, डागाळते आणि लवकर झिजते.

कॅप फुटली, पण खालची दाढ जशीच्या तशी राहिली असेल, तर कॅपच्या संगणकातल्या जुन्या फाइलवरून दुसरी छापता येते. ती फाइल जपून ठेवायला दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगावे.