डुकरे कोणी मारली?

श्रोतेहो, नमस्कार.

हैतीविषयी मराठीत जे मतलेख आणि धोरणचर्चा वाचायला मिळतात, त्यांची पहिली ओळ बहुधा एकच असते: पश्चिम गोलार्धातील सर्वांत गरीब देश. ओळ खोटी नाही, परंतु तो गरीब कोणी केला हे तिच्यातून कळत नाही. हैतीवर लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्यात कर्ता शोधावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

हैती ही फ्रान्सची वसाहत होती; १८०४ साली तिथल्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवले. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्स राजाने किनाऱ्यासमोर युद्धनौका उभ्या करून, फ्रेंच मळेवाल्यांचे नुकसान झाले म्हणून, १५ कोटी फ्रँक मागितले. पुढे ही रक्कम ९ कोटींवर आली; तरी मुळात पहिल्या हप्त्यासाठीच हैतीला फ्रेंच बँकांकडून कर्ज काढावे लागले होते आणि त्या देण्याघेण्याचा शेवट १९४७ पर्यंत लांबला. ‘हैती कर्जबाजारी झाला’ असे लिहिले की हा राजा वाक्यातून निसटतो.

आता माझी आवडती गोष्ट. ती मी पूर्वीही सांगितली आहे, आणि ज्यांनी ऐकली असेल त्यांनी ती पुन्हा ऐकावी. हैतीच्या शेतीवरील माझ्या पहिल्या लेखात मी लिहिले होते, ‘१९८० च्या दशकाच्या आरंभी देशातील डुकरे मारण्यात आली.’ संपादकांनी शिसपेन्सिलीने ‘मारण्यात आली’ भोवती गोल काढला, समासात ‘कोणी?’ एवढाच शब्द लिहिला आणि कागद परत पाठवला. मी चिडलो, कारण उत्तर मला ठाऊक नव्हते.

शोधले तेव्हा कळले ते असे. १९७८ मध्ये शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात डुकरांचा आफ्रिकी ताप आला आणि तो हैतीत पसरला. तो आपल्या वराहपालनापर्यंत पोहोचेल, या भीतीने अमेरिकेने, कॅनडा व मेक्सिको यांना बरोबर घेऊन, हैतीतील सगळीच डुकरे नष्ट करण्याच्या मोहिमेला पैसा दिला, आणि हैतीचे हुकूमशहा ज्याँ-क्लोद द्युव्हालिए यांच्या राजवटीने ती राबवली. ती गावठी डुकरे काळी, काटक आणि खरकट्यावर वाढणारी होती. आपल्याकडे शेळीला गरिबाची गाय म्हणतात. तिथे डुक्कर ही गरिबाची बँक होती. शाळा उघडली की एक डुक्कर बाजारात जाई आणि मुलाचा गणवेश व फी निघे. लग्न आणि मयत यांचाही खर्च त्यातूनच भागे. बदल्यात अमेरिकेतून पांढरी डुकरे आली. त्यांना विकतचे खाद्य, स्वच्छ पाणी, सिमेंटची जमीन आणि डोक्यावर छप्पर लागे. पाळणाऱ्याच्या स्वतःच्या झोपडीत यातले बरेचसे नव्हते, म्हणून शेतकऱ्यांनी त्यांना नाव ठेवले: चार पायांचे राजपुत्र.

लेख दुसऱ्यांदा लिहिताना ते एक वाक्य चार ओळींचे झाले, पण त्यात अमेरिका होती, द्युव्हालिए होते आणि शाळेची फीही होती.

जाता जाता सांगतो, ‘करण्यात आले’ हे आपल्या सरकारी मराठीचे लाडके क्रियापद आहे. जलवाहिनी फुटली तरी पत्र येते की ‘पाणी बंद करण्यात आले आहे’. शाळेत व्याकरणातला कर्मणी प्रयोग ओळखायला शिकवतात, पण तो कशासाठी वापरला जातो हे कोणी शिकवत नाही. असो.

२०१० चेच पाहा. भूकंपानंतर काही महिन्यांनी कॉलऱ्याची ‘साथ पसरली’ असे आपण लिहितो. रोगजंतू मीरबाले गावाजवळील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील सांडपाण्यातून आर्तिबोनीत नदीच्या पाण्यात गेले, सुमारे १० हजार माणसे दगावली आणि सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागायला डिसेंबर २०१६ उजाडला.

क्वचित कर्ता स्वतःच बोलतो. मार्च २०१० मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे कबूल केले की, स्वस्त अमेरिकी तांदळासाठी हैतीची बाजारपेठ खुली करवून घेण्याचे धोरण अर्कान्सा या त्यांच्या राज्यातील काही शेतकऱ्यांना कदाचित लाभले असेल, पण ती चूक होती आणि हैतीची भात पिकवण्याची क्षमता आपल्या कृतीमुळे गेली. तांदळावर लिहिणाऱ्याने ही साक्ष समोर ठेवूनच लेखणी उचलावी. नमस्कार.