पन्हाळ्याची झाडी

नमस्कार मंडळी. पन्हाळा आपल्याला तोंडपाठ आहे. सज्जाकोठी, अंबरखाना, तीन दरवाजा आणि शेवटी झुणका-भाकरी. पण गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, पुन्हा गाडीत बसायचं, यात गडावरची झाडी राहूनच जाते. म्हणून आज माझं एकच सांगणं आहे: पायी हिंडा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या.

गड शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडला होता आणि 12 जुलैच्या रात्री, भर पावसात, महाराज इथून निसटले. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर चहा-कॉफीच्या लागवडीचे प्रयोग केले. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहेच. जाताना मात्र एसटीनं जा. मोटारींनी गडाच्या रस्त्यांचा श्वास कोंडलाय, हे मी दरवेळी सांगतो आणि सांगत राहणार.

तर, माझी आत्या. वय ऐंशीच्या घरात, माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याच्या वाडीतलं. मार्च सरत आला होता. तबक उद्यानातून बाहेर पडून आम्ही जुन्या झाडीत शिरलो, तर माझी मुलगी ओरडली, "आत्याआजी, झाडावर कुणीतरी निळा रंग सांडलाय!" फांद्यांना चिकटून, सालीवरच, निळ्याजांभळ्या बारीक फुलांचे झुबके. मधमाश्यांचा नुसता घूं घूं आवाज.

"रंग न्हाई लेकी, अंजनी हाय ती," आत्या म्हणाली. "हिला कोयता लावायचा न्हाई. धार जाती, फांदी तुटत न्हाई."

मग ती थांबली. वर बघितलं, खाली बघितलं. "ही अंजनी हितं, म्हंजे इसाव्याचा दगड खालच्या अंगाला पायजे."

लहानपणी ती आईबरोबर जळणाचे भारे डोक्यावर घेऊन याच वाटेनं गडावर विकायला यायची. आता वाट कुठली? सगळी घाणेरी माजलेली. आत्यानं काठीनं जाळी बाजूला सारली आणि दगड निघाला. जांभ्याचा, छातीएवढा उंच, वरची कड घासून गुळगुळीत झालेली.

मुलीनं विचारलं, "बसायला एवढा उंच कशाला?"

"बसायला न्हवं. भारा उतरायला. एकलीच बाई आसंल तर भारा उतरून घ्यायला कोण? मान जरा मागं करायची, भारा आपसूक दगडावर. उचलतानाबी तसंच, वाकायला नको."

मुलगी लगेच पाठ करून उभी राहिली. पाठीवरची सॅक न वाकता दगडावर टेकली. आत्यानं त्या घासलेल्या कडेवर हात ठेवला आणि आईचं नाव घेतलं.

बुरुजांपाशी माहितीचे फलक आहेत. ते हवेतच. पण शेकडो बायकांच्या भाऱ्यांनी झिजलेल्या या दगडापाशी काहीच नाही, आणि मला तो बुरुजाइतकाच मोलाचा वाटतो. तो सापडला, कारण आम्ही पायी होतो आणि आत्या सोबत होती. पुन्हा सांगतो, पायी हिंडा आणि म्हातारं माणूस सोबत न्या.

अंजनी साधारण मार्च-एप्रिलमध्ये फुलते. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघा, पाणी घरून भरपूर घ्या. घाणेरीच्या जाळीत हात घालण्याआधी काठी आपटा, उन्हाळ्यात साप सावलीला येतात. नमस्कार.