जंगली फर: भाव कोण ठरवतं?

मंडळी, आधी एक गैरसमज बाजूला करतो. २०२५ च्या जूनमध्ये कॅनडातल्या जुन्या हडसन्स बे कंपनीची उरलेली सगळी दुकानं बंद झाली, तेव्हा बऱ्याच जणांनी फरच्या व्यापाराचाही दहावा-तेरावा उरकून टाकला. कंपनीला १६७० मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने सनद दिली ती फरसाठीच, हे खरं. पण फरच्या लिलावाचा व्यवसाय तिने १९८७ मध्येच विकून टाकला होता. २०२५ मध्ये बुडालं ते ब्लँकेटं, भांडी आणि कपडे विकणारं दुकान. फरचं जे काही बरंवाईट व्हायचं होतं ते आधीच, दुसऱ्या पत्त्यावर झालं होतं.

आजचा विषय जंगली फर. पिंजऱ्यात वाढवलेला मिंक, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लहान केसाळ प्राणी, यात येत नाही. सापळा लावून धरलेले बीव्हर आणि मस्क्रॅट (दोन्ही पाण्यात राहणारे कुरतडे प्राणी), मार्टेन (मिंकच्याच कुळातला), रकून, कायोटी (कोल्ह्यासारखा), बॉबकॅट (रानमांजर) येतात. या सगळ्यांची एक मोट बांधून 'बाजार चढणार की पडणार?' असं विचारलं की उत्तर चुकणारच. प्रत्येक जनावराचं गिऱ्हाईक वेगळं आहे, आणि बहुतेक वेळा मोठं गिऱ्हाईक एकच असतं: एखादा देश, एखादी कंपनी, नाहीतर एखादी फॅशन. ते हललं की भाव हलतो. रानात जनावरं किती आहेत, थंडी किती पडली, ट्रॅपर, म्हणजे सापळे लावणारा, किती मैल बर्फ तुडवून आला, याचा भावाशी संबंध फारच थोडा.

टोरांटोहून उत्तरेला साडेतीन तास गाडी हाकली की नॉर्थ बे लागतं. तिथे फर हार्वेस्टर्स ऑक्शन नावाची संस्था आहे, १९९१ मध्ये सुरू झालेली, ट्रॅपरांच्याच मालकीची. मूलनिवासी ट्रॅपरही तिचे मालक आहेत. उत्तर अमेरिकेत जंगली फरचा मोठा लिलाव म्हणावा असा आता तेवढाच उरला आहे. ट्रॅपर हिवाळाभर जनावरं धरतो, सोलतो, कातडीची चरबी खरवडतो आणि ताणून वाळवतो. बीव्हरचं कातडं अंडाकृती पसरतात, मार्टेनचं पिशवीसारखं अखंड ठेवतात. ते कमावलेलं नसतं, नुसतं वाळवलेलं. मग लिलावघरात सगळ्यांचा माल एकत्र करून प्रतवारी होते: आकार, रंग, केसांची दाटी, कुठे भोक पडलंय का, आणि जनावर ऐन हिवाळ्यात धरलं की घाईने आधीच. लवकर धरलेल्या जनावराच्या कातडीची आतली बाजू निळसर-काळपट दिसते. प्रतवारी करणाऱ्याला ती बघताक्षणी कळते आणि माल खालच्या प्रतीत जातो. एकसारख्या कातड्यांचे लॉट बांधले जातात, खरेदीदार केसांतून हात फिरवून नमुना तपासतात, आणि मग बोली सुरू होते.

लासलगावला कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. माल आपला, बोली दुसऱ्याची, मधे अडत्या. फरक इतकाच की कांदा सडतो आणि कातडं थंड जागेत ठेवता येतं. म्हणून भाव पडला की माल विकायचा नाही, पुढच्या लिलावाची वाट बघायची, असं सगळेच करतात. साठा तुंबतो आणि पुढच्या वर्षीच्या भावाच्या उरावर बसतो.

हे तुंबणं जुनंच आहे. सतराव्या शतकात युरोपात बीव्हरच्या लवेपासून केलेल्या नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, टोप्यांची चलती होती. त्यातली गंमत म्हणजे मूलनिवाशांनी एक-दोन हिवाळे अंगावर वापरलेलं जुनं कातडं कोऱ्या कातड्यापेक्षा महाग जायचं. वापरून वापरून वरचे राठ केस झडून जात आणि टोपीवाल्याला हवी ती आतली मऊ लव तेवढी उरत असे. पण फ्रेंचांच्या गोदामांत बीव्हर इतका साठला की १६९६ मध्ये चौदाव्या लुईने पश्चिमेकडची बहुतेक व्यापारी ठाणी बंद करण्याचा हुकूम काढला. पुढे १८३०-४० च्या सुमारास रेशमी टोपीची फॅशन आली आणि बीव्हरच्या मागचा ससेमिरा सैलावला. त्याला वाचवणारा कायदा तेव्हा कुणी केला नव्हता.

आता अलीकडे येऊ. २०१३ हे फरचं शेवटचं सोन्याचं वर्ष. चीनमध्ये नवश्रीमंतांना फरचे कोट हवे होते, रशियात तेलाचा पैसा खेळत होता. मिंकचे भाव इतके चढले की जगभर नवे मिंकफार्म निघाले आणि वर्षाचं उत्पादन आठ कोटी कातड्यांच्या आसपास गेलं. मिंक महागला की त्याच्या खालचं सगळं महागतं. ज्याला मिंक परवडत नाही तो मस्क्रॅटकडे आणि रकूनकडे वळतो. साध्या मस्क्रॅटला, म्हणजे हातभर लांबीच्या पाणउंदरासारख्या प्राण्याला, दहा डॉलरच्या वर भाव मिळाला. शाळकरी पोरं सुट्टीत सापळे लावू लागली.

मग तीन गोष्टी एकामागोमाग घडल्या. मिंकचा माल गरजेपेक्षा फार झाला. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यानंतर त्याच्यावर निर्बंध आले, त्याच वर्षी तेलाचा भाव पडला, आणि रुबल घसरला. चीनमधली मागणीही मंदावली. रशियन गिऱ्हाईक गेलं तेव्हा सगळ्यांत जास्त मार रकूनला बसला. पुढच्या काही वर्षांत रकूनची बरीचशी कातडी कुठल्याच भावाने उठली नाहीत. ग्रीसमधलं कास्तोरिया हे फरचे कोट शिवणारं गाव रशियन गिऱ्हाइकांवर जगत आलं होतं. त्याला २०१४ ला पहिला दणका बसला आणि २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर युरोपीय संघाने चैनीच्या वस्तूंची रशियाकडची निर्यात रोखली तेव्हा दुसरा.

या पडझडीत टोरांटोचं नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स गेलं. हडसन्स बेच्या लिलावाचा वारसा सांगणारं हे घर जंगली फरही विकायचं आणि फार्मवरचा मिंकही. त्याने मिंकवाल्यांना माल येण्याआधीच उचल दिली होती. भाव कोसळले, उचल फिटली नाही, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये या संस्थेने धनकोंपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं. ज्या ट्रॅपरने आयुष्यात एकही मिंक पाळला नव्हता, त्याची कातडी त्याच गोदामात होती. जंगली फरचा धंदा अडकला होता तो फार्मवाल्यांच्या कर्जात.

लगेच कोविड आला. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्कने विषाणूच्या भीतीने देशातले सगळे मिंक, दीड कोटीच्या वर, मारून टाकायचं ठरवलं आणि जगातलं सगळ्यांत मोठं मिंक लिलावघर, कोपनहेगन फर, यांनी गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. तेव्हा अनेक जाणकार म्हणाले, आता माल कमी झाला, जंगली फरला सोन्याचे दिवस येणार. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. मिंक हा या धंद्याचा रस्ता होता. कमावणारे कारखाने, शिवणारे कारागीर, कोट विकणारी दुकानं, फॅशनची मासिकं, सगळी मिंकच्या आकारमानावर पोसलेली. तो रस्ताच उखडल्यावर त्यावरून चालणारी जंगली फरची गाडी वेगाने कशी धावेल?

आता कायोटी. इथे थोडा वेळ घेतो, कारण एका गिऱ्हाइकाचा बाजार म्हणजे काय ते इथे उघडं दिसतं. आणि तुमच्यापैकी काहींच्या कपाटात तो पुरावा टांगलेलाही असेल.

१९५७ मध्ये टोरांटोत सुरू झालेल्या कॅनडा गूज या कंपनीने आपल्या जॅकेटच्या टोपीला कायोटीच्या फरची किनार लावली. कमी-जास्त लांबीचे ते केस चेहऱ्याजवळ वाऱ्याचा जोर मोडतात, हे त्यामागचं व्यावहारिक कारण. पण हाँगकाँगमध्ये कुणाला तेवढा वारा लागत नाही. ती किनार लवकरच ऐपतीची खूण झाली, इतर कंपन्यांनी नक्कल केली, आणि प्रेअरीतल्या (कॅनडाच्या गवताळ प्रदेशातल्या), माँटानातल्या, डकोटातल्या फिकट, रेशमी केसांच्या कायोटीला शंभर डॉलर आणि त्याहूनही जास्त भाव येऊ लागला. तोच प्राणी ऑन्टारिओत धरला तर केस राठ, म्हणून भाव बराच कमी. बाकी सगळ्या जंगली फरचा बाजार झोपलेला असताना कायोटी एकटा धावत होता. कित्येक ट्रॅपरांनी त्या जोरावर नवे ट्रक घेतले.

जून २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केलं की त्या वर्षाअखेर फरची खरेदी बंद आणि २०२२ च्या अखेरीस फर लावलेलं उत्पादनच बंद. लिलावात कायोटीचा भाव त्यानंतर गडगडला. कंपनीवर प्राणीहक्कवाल्यांचा दबाव होता. २०१७ पासून ती शेअर बाजारात नोंदलेली होती आणि भागधारकांना वाद नको असतात. कंपनीच्या जागी बसून पाहिलं तर निर्णय समजण्यासारखा आहे.

कायोटीचं काय झालं? काहीच नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याची वन्यजीव शाखा पशुपालकांच्या तक्रारींवरून दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त कायोटी मारत आली आहे. पशुपालक स्वतः मारतात ते वेगळे. आधी त्यातले काही तरी सोलले जायचे, आता बरेचसे तिथेच टाकून देतात. फरविरोधी चळवळीतल्या लोकांचा क्रौर्याबद्दलचा आक्षेप मी खोटा मानत नाही. पायाचा सापळा पाहिलेल्या माणसाला तो खोटा वाटणारही नाही. पण कायोटीच्या बाबतीत त्यांनी बाजार थांबवला, मारणं थांबवलं नाही.

बीव्हरची गोष्ट उलट दिशेने गेली. कोटासाठी बीव्हर कुणी मागत नव्हतं, भाव तळाला होता. मग अमेरिकेत काउबॉय टोप्यांची हौस पुन्हा वाढली, एका गाजलेल्या टीव्ही मालिकेनेही तिला हातभार लावला, आणि चांगल्या फेल्टच्या टोपीला बीव्हरची लवच लागते. तिच्या केसांवरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात, त्यामुळे नमदा घट्ट बसतो आणि पावसात आकार सोडत नाही. टोपीवाल्याला वरचं रूप नको, भोक पडलेलं कातडंही चालतं, कारण तो केस कापूनच घेणार. म्हणजे सतराव्या शतकातलं गिऱ्हाईक पुन्हा दारात उभं. शिवाय बीव्हरच्या शेपटीजवळच्या गंधग्रंथी, ज्यांना ट्रॅपर 'कॅस्टर' म्हणतात, त्या वाळवून अत्तरवाल्यांना आणि आमिषं बनवणाऱ्यांना जातात. कित्येक वर्षं असं झालंय की एक पौंड कॅस्टरचे पैसे कातड्याहून जास्त मिळाले. बीव्हर धरणाऱ्याला तिसरीही मिळकत असते: रस्ते आणि शेतं पाण्याखाली घालणारे बीव्हर काढायला नगरपालिका पैसे देतात.

बॉबकॅटचं थोडक्यात सांगतो. पश्चिमेकडचा, पांढऱ्या पोटावर ठिपके असलेला बॉबकॅट शेकडो डॉलरला जातो आणि तेजी-मंदीतही टिकून राहतो. चैनीच्या वस्तूला थोडीच गिऱ्हाइकं लागतात. त्याला साइट्स कराराखालचा (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा) बिल्ला लागतो, तो मिळवायची कटकट आहे.

कायदे? कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये नव्या फरच्या विक्रीवर बंदीचा कायदा केला, तो २०२३ पासून लागू झाला. इस्रायलने २०२१ मध्ये फॅशनसाठीच्या फरविक्रीला बंदी केली. युरोपात फार्म बंद करण्याच्या मागणीवर पंधरा लाखांवर सह्या झाल्या. आपल्या भारतानेही २०१७ मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिलाच्या कातड्यांची आयात बंद केली. पण कायद्यांनी बाजार मोडला असं मी म्हणणार नाही. गुची या इटालियन फॅशन कंपनीने २०१७ मध्ये फर सोडण्याचं जाहीर केलं आणि एकामागून एक मोठी नावं त्या वाटेने गेली. बहुतेक कायदे मागून आले.

मग सापळे लावणार कोण आणि का? डिझेल, बर्फावरची स्कूटर, सापळे, परवाना, सगळ्यांचे दर चढलेत आणि मस्क्रॅटचा भाव २०१३ च्या बराच खाली. निव्वळ कातड्यावर आता फारच थोडे जगतात. कॅनडाच्या क्वेबेकमध्ये क्री या मूलनिवासी लोकांसाठी १९७५ च्या जेम्स बे करारातून शिकारी-ट्रॅपरांच्या उत्पन्नाची योजना आली. रानात घालवलेल्या दिवसांवर पैसे मिळतात, कातड्याच्या भावावर नाही. मला ही फार शहाणपणाची तरतूद वाटते, कारण तिने लिलावातल्या बोलीपासून माणसाचं पोट सोडवलं. अमेरिकेतल्या लुइझियानात दुसरा मार्ग आहे. फरसाठीच दक्षिण अमेरिकेतून आणलेला न्यूट्रिया हा पाणउंदरासारखा मोठा प्राणी तिथल्या दलदली कुरतडून खातो. फरचा बाजार गेल्यावर २००२ पासून सरकार प्रत्येक शेपटीमागे बक्षीस देतं, सुरुवातीला चार डॉलर, आता सहा. फक्त शेपटी आणून द्यायची. कातडं कुणी विचारत नाही.

न्यूझीलंडने मात्र त्यातून माल काढला. १८३७ मध्ये फरच्याच आशेने ऑस्ट्रेलियातून आणलेला पॉसम, झाडावर राहणारा मांजराएवढा प्राणी, आज तिथल्या जंगलांचा शत्रू आहे. त्याची लव उपटून मेरिनो लोकरीत मिसळतात आणि स्वेटर-मोजे विकतात. 'हे घ्या, जंगल वाचवा' असं सांगून जंगली फर विकणारा बाजार मला दुसरीकडे इतका ठसठशीत दिसलेला नाही.

येत्या काही वर्षांचा माझा अंदाज असा. टोप्यांची हौस आहे तोवर बीव्हर बरा राहील. हौसच ती, उतरेलही. कायोटी जुन्या भावाला परत जाणार नाही, एवढ्या मोठ्या दुसऱ्या कंपनीने हाती धरलं तरच जाईल. मार्टेन आणि बॉबकॅट थोड्या गिऱ्हाइकांवर तगतील. रकून आणि मस्क्रॅट चीन आणि रशियाच्या मनावर, आणि त्यांना स्वतःचाच फार्मवरचा माल पुरेसा आहे. नवशिक्या ट्रॅपरला मी रकून सोलत बसायचा सल्ला देणार नाही.

नॉर्थ बेचा निकाल बघणार असाल तर एक सूचना. सगळ्यांची नजर सरासरी भावावर जाते आणि वर्तमानपत्रंही तोच छापतात. त्याच्या शेजारी एक टक्केवारी असते: आलेल्या मालापैकी किती टक्के विकला गेला. सरासरी वीस डॉलर आणि विक्री तीस टक्के, याचा अर्थ सत्तर टक्के कातडी गोदामात परत गेली आणि वीस डॉलर फक्त वेचक मालाला मिळाले. आधी टक्केवारी वाचा, मग भाव.