भाड्याच्या घरातला स्विमिंग पूल

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्टीसाठी भाड्याने द्यायचं घर बांधायला काढलं, की स्विमिंग पूलचा विषय लगेच निघतो. निघतो तो बहुधा टाइल्सच्या रंगावरून. निळ्या की हिरव्या? काठावरून पाणी सांडणारा इन्फिनिटी पूल की साधा? फोटोत कसा दिसेल? फोटो बघूनच बुकिंग येतं, त्यामुळे यात गैर काही नाही. पण आज मी उलट्या बाजूने सुरुवात करणार आहे, पाहुणे येऊन पोचतात त्या क्षणापासून.

गाडी दारात थांबते. मोठी माणसं बॅगा उतरवतायत, कुणी किल्ली शोधतंय, कुणी फ्रिज कुठे आहे ते बघतंय. आणि पोरं? ती केव्हाच पाण्याकडे पळालेली असतात. घर त्यांना नवं, कुठे किती खोल आहे ते ठाऊक नाही, आणि लक्ष ठेवायला त्या घडीला कुणीही नाही. माझ्या मते पूल निवडायचा तो या पहिल्या अर्ध्या तासाचा विचार करून.

म्हणून आधी कुंपण. चारही बाजूंनी, घराच्या बाजूनेही. उंची निदान १.२ मीटर, फाटक आपोआप बंद होणारं आणि बाहेरच्या बाजूला उघडणारं, कडी लहान मुलाच्या हाताला न लागणारी. कुंपणाला खेटून खुर्च्या किंवा कुंड्या ठेवायच्या नाहीत, पोरं त्यांवरूनच चढतात. दृश्य झाकलं जाईल अशी भीती असेल तर मजबूत काचेचं कुंपण घ्या. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही. दहा पावलांवर बसलेल्या माणसाला पत्ता लागत नाही.

मग खोली. १.२ ते १.४ मीटर, शक्यतो सगळीकडे सारखी. अचानक खोल होणारा तळ अनोळखी माणसासाठी वाईट. डोक्याकडून सूर मारायचा तर निदान २.७ मीटर पाणी हवं, असं अमेरिकन रेड क्रॉस सांगते. तेवढा खोल पूल भाड्याच्या घरात कशाला हवा, मला तरी कळलेलं नाही. उथळ ठेवा आणि 'इथे सूर मारू नये' हे काठावरच मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

तळाच्या जाळीबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण ती कुणी विचारतच नाही. पंप पाणी ओढतो ते या जाळीतून. ती एकच असेल, सपाट असेल, आणि कुणाच्या पाठीने किंवा पोटाने झाकली गेली, तर ओढ इतकी जबरदस्त असते की माणूस सुटू शकत नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात २००२ मध्ये हॉट टबमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या छोट्या कुंडात, अशीच अडकून बुडाली. त्यानंतर २००७ मध्ये तिच्या नावाने तिथे कायदा झाला. तुमच्याकडे कायदा काहीही असो, कंत्राटदाराला सांगा: ओढीच्या जाळ्या दोन, एकमेकींपासून लांब, आणि झाकणं वर फुगीर असलेली.

आता पाण्याचं गणित. ८ मीटर लांब, ४ रुंद, १.३ खोल, म्हणजे सुमारे ४१,६०० लिटर. हे सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जायचं तर तासाला जवळपास ७,००० लिटरचा पंप लागतो. घरच्या चार माणसांसाठी याहून सावकाश चाललं तरी भागतं. पण शनिवारी दुपारी दहा माणसं अंगाला सनस्क्रीन चोपडून एकदम उतरतात, आणि सोमवारी पूल रिकामा. अशा वापराला फिल्टर हिशेबापेक्षा एक माप मोठाच घ्यावा. पंप कमी-जास्त वेगाचा असला तर उत्तम. वेग निम्मा केला की वीज साधारण आठव्या हिश्शावर येते, म्हणून तो रात्रभर हळू चालवणं परवडतं.

पूलजवळ उग्र वास आला की पाहुणे म्हणतात, क्लोरीन जास्त झालंय. खरं तर घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात. वास त्यांचा, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. मिठाच्या पुलात क्लोरीन नसतं, हाही असाच एक समज. त्या पाण्यात लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ असतं आणि विजेवर चालणारं यंत्र त्यापासून क्लोरीनच बनवतं. पाणी मऊ लागतं, रोज मात्रा टाकायची कटकट कमी होते, हे खरं. मात्र यंत्राचा सेल, म्हणजे क्लोरीन बनवणारा भाग, काही वर्षांनी बदलावा लागतो.

बांधणीत माझं मत फायबरग्लासच्या तयार टाकीकडे झुकतं. पृष्ठभाग गुळगुळीत, शेवाळ कमी धरतं, काम लवकर आटपतं. अडचण एवढीच, की आकार साच्यातलाच मिळतो आणि क्रेन जागेपर्यंत पोचावी लागते. काँक्रीटला हवा तो आकार देता येतो, खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. लायनर, म्हणजे प्लास्टिकचं अस्तर लावलेला पूल, स्वस्त, पण पाहुण्यांनी खुर्ची पाण्यात ओढली की फाटलाच समजा. इन्फिनिटी पूलला सांडलेलं पाणी धरायला वेगळी टाकी लागते, बाष्पीभवनही वाढतं. समोर खरोखर दरी किंवा समुद्र नसेल तर नादी लागू नका. आणि कुठलाही पूल पूर्ण उपसण्याआधी जाणकाराला विचारा. जमिनीतलं पाणी वर आलेलं असेल तर रिकामी टाकी उचलून वर येते.

एक पाहुणे सकाळी जातात, दुसरे दुपारी येतात. मधल्या वेळात कुणीतरी पाणी तपासायला हवं: मुक्त क्लोरीन, म्हणजे अजून कशाशी संयोग न झालेलं, १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग), आणि पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच ७.२ ते ७.८. रसायनांची खोली कुलूपबंद, आणि क्लोरीन व आम्ल एका फळीवर कधीच नाही. दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो. हे काम करणाऱ्या माणसाला पंपघरात वाकून, अंधारात शिरावं लागलं तर तो तिथे जाणं टाळू लागतो. तेव्हा नकाशावर सही करण्याआधी बघा, पंपघरात माणूस सरळ उभा राहतो का, आणि फिल्टर उघडायला पुरेशी जागा उरते का.

नमस्कार.