सुट्टे न देणारा सिलिकॉन

दुपारचे दोन वाजलेत. गच्चीवरच्या सोलर पॅनलला जरा हात लावून बघा... नको, राहू दे, चटका बसेल. पण हा चटकाच आज आपला विषय आहे, कारण पॅनलवर जेवढं ऊन पडतं त्यातल्या २० ते २४ टक्क्यांचीच वीज होते आणि बाकीचं बरंचसं हे असं तापण्यात जातं.

असं का होतं? तर पॅनल ज्याचं बनतं तो सिलिकॉन म्हणजे एसटीतला तो कंडक्टर, ज्याच्याकडे सुट्टे कधीच नसतात. तिकीट ठरलेलं, १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट (हे प्रकाशकणाची ऊर्जा मोजायचं माप). निळ्या प्रकाशाचा कण येतो खिशात पावणेतीन घेऊन, तरी त्याला तिकीट एकच, उरलेले परत मिळत नाहीत, त्याची उष्णता होते. आणि इन्फ्रारेडमधला जो कण १.१२ पेक्षा कमी घेऊन येतो त्याला गाडीत घेतच नाहीत, तो सरळ आरपार निघून जातो.

१९६१ मध्ये शॉकली आणि क्वायसर या दोघांनी याचा हिशोब मांडला. शॉकली म्हणजे ट्रान्झिस्टरवाला, नोबेलवाला. आज त्या हिशोबाने एकाच पदार्थाचा सेल साध्या उन्हात फार तर ३३ टक्क्यांच्या आसपास जातो, पुढे नाही, मग मटेरियल कितीही शुद्ध करा. लॅबमधला सिलिकॉन आत्ताच २७ च्या वर पोचलाय, म्हणजे फार काही उरलेलं नाही.

मग दोन कंडक्टर ठेवायचे. वरचा महागडं तिकीट फाडणार, निळा-हिरवा प्रकाश तो घेणार, आणि त्याने सोडलेला लाल आणि इन्फ्रारेड खालच्या सिलिकॉनला. आयडिया नवीन नाही हं, मंगळावर गेलेल्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या गाड्यांवर तीन थरांचे सेल होतेच. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने तर २०२२ मध्ये चार थर आणि वर भिंगाने ६६५ पट एकवटलेला प्रकाश वापरून ४७.६ टक्के गाठले. पण या थरांचा गॅलियम धातूवाला माल इतका महाग की उपग्रहाला परवडतो, आपल्या गच्चीला नाही.

स्वस्तातला वरचा थर मिळाला तो पेरोव्हस्काइट या स्फटिकी पदार्थामुळे. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या टीमने त्याचा पहिला सेल केला तेव्हा आकडा होता ३.८ टक्के, म्हणजे कुणी ढुंकून बघू नये असाच. आता हे जवळून बघा. पिवळसर द्रावणाचा एक थेंब, खाली गरगर फिरणारी काच, फिरता फिरताच वरून दुसऱ्या द्रावकाची एक धार, मग काच गरम प्लेटवर, आणि बघता बघता पिवळ्याचं गडद तपकिरी होतं. झाला थर. जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास, केसाच्या शंभराव्या भागाएवढीसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे त्यात आयोडीनच्या जागी थोडं ब्रोमीन घातलं की तिकिटाचा दर वाढतो, हवा तसा लावता येतो, सिलिकॉनवर बसवायचा तर १.७ च्या जरासा खाली ठेवतात.

आता खरी कटकट. दोन्ही सेल एकामागोमाग जोडले की ती बैलजोडी झाली, एक बैल मंद चालला की गाडी त्याच्याच चालीने जाते. संध्याकाळी ऊन तांबूस झालं की वरच्याचा वाटा घटतो आणि खालचा तयार असूनही करंट वाढत नाही. पवईला आयआयटी मुंबईत यावर काम चालतं त्यात एक वाट अशी, की दोघांना एका जुवाला बांधायचंच नाही, दोघांच्या वायरी वेगळ्या. खर्च जरा वाढतो पण मला ही वाट जास्त शहाणपणाची वाटते.

चीनच्या लाँगी कंपनीने २०२५ मध्ये या जोडीचा ३४.८५ टक्क्यांचा रेकॉर्ड केला, म्हणजे ती ३३ ची वेस ओलांडली. पण असले रेकॉर्ड नखाएवढ्या सेलवर होतात हे लक्षात ठेवा. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये विकायला काढलेलं अख्खं पॅनल साडेचोवीस टक्क्यांचं होतं.

आणि टिकायचं काय? साधं सिलिकॉन पॅनल २५ वर्षं चालतं, पेरोव्हस्काइटला मात्र दमट हवेचं वावडं, म्हणजे कोकणातला पावसाळा म्हटलं की संपलंच. म्हणून सेल काचेत सीलबंद करून चाचणीच्या पेटीत ठेवतात, ८५ डिग्री, ८५ टक्के आर्द्रता, सलग १००० तास, म्हणजे जवळपास ४२ दिवस. दार उघडल्यावर मीटर लावायच्या आधीच नजर जाते ती रंगावर. तपकिरी असेल तर ठीक. कडेने पिवळा दिसायला लागला की समजायचं, आत पाणी शिरलं.